फोटोच्या पाठीमागची ओळ

इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांना घरातला सर्वात जुना फोटो आणायला सांगितले. पनवेलच्या मोहल्ल्यांतून बरेच फोटो आले. ‘हे कोण?’ विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच : ‘सर, दादीला माहीत होते.’ आणि दादी आता हयात नव्हती.

तेव्हा आम्हाला इब्राहिम अल्काझी आठवले. त्यांचा जन्म १९२५ साली पुण्यात झाला. वडील सौदी अरबस्तानचे, आई कुवेतची. १९४७ नंतर घरची मंडळी पाकिस्तानात गेली. ते इथेच राहिले. १९६२ ते १९७७ ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी हे त्यांचे शागीर्द. एवढे सर्वांना ठाऊक असते.

पण ते स्वतः चित्रकारही होते. १९७७ मध्ये त्यांनी पत्नी रोशन यांच्यासह दिल्लीत ‘आर्ट हेरिटेज’ हे कलादालन सुरू केले. पुढे या उपखंडाचे एकोणिसाव्या शतकातले हजारो फोटो त्यांनी जमवले. हा ठेवा सांभाळण्यासाठी, त्यावर संशोधन, प्रदर्शने आणि ग्रंथ व्हावेत म्हणून २००६ मध्ये ‘अल्काझी फाउंडेशन’ उभे राहिले. ४ ऑगस्ट २०२० रोजी ते वारले.

अशा संग्रहाचा उपयोग काय? लखनौचे उदाहरण घ्या. १८५७ पूर्वी अहमद अली खान यांनी त्या शहरातल्या माणसांचे फोटो काढले. १८५८ मध्ये फेलिचे बिआतो आला. सिकंदरबागेच्या अंगणात पसरलेल्या हाडांचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. लढाई मात्र नोव्हेंबर १८५७ मधली. काही महिन्यांनी ती हाडे फोटोसाठी मांडली गेली, असे अभ्यासक मानतात. म्हणजे फोटो कोणी, केव्हा, कशासाठी काढला हे कळल्याशिवाय तो साक्ष देत नाही. दुसऱ्याने काढलेलीच तस्वीर उरली, तर आपली ओळखही दुसराच ठरवतो.

पनवेल झपाट्याने बदलते आहे. जुनी घरे पडतात आणि ट्रंकेतले फोटो भंगारात जातात. संग्रहालय उभारणे आपल्या हाती नसेल; पण फोटोमागे नाव, गाव, साल लिहायला शिसपेन्सिल पुरते. आमच्या मुलांना आता तोच गृहपाठ दिला आहे. ज्यांच्या घरी दादी, नानी आहेत, त्यांनी तो आजच करावा.