मिलो: आफ्रिकेतून निघालेली ज्वारी

तुम्ही टेक्सास किंवा कॅन्ससमध्ये राहत असाल, तर उन्हाळा संपता संपता शहराबाहेर गाडी काढा. हायवेच्या दोन्ही बाजूंना कमरेइतक्या उंचीची, लालसर कणसांची शेतं दिसतील. तो मका नाही, ज्वारी आहे. तिथले शेतकरी तिला 'मायलो' म्हणतात.

आता हाच शब्द घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, विशेषतः ती सोलापूर, बीड, नगर भागातली असतील तर. ती 'मिलो' म्हणतील, आणि बहुतेक तोंड वाकडं करतील.

१९७२ चा दुष्काळ. पाऊस त्याआधीही नीट झाला नव्हता. त्या वर्षी खरीपही गेलं आणि रब्बीही. सरकारने दुष्काळी कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. मजुरी मिळायची, पण बाजारात ज्वारीच नव्हती. मग रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळू लागली. अमेरिकेत हे प्रामुख्याने गुरांचं खाद्य. पांढऱ्याशुभ्र भाकरीची सवय असलेल्यांच्या ताटात लाल भाकरी आली. तिने जीव वाचवले हे खरं, आणि ती घशाखाली उतरत नव्हती हेही तितकंच खरं.

पण 'आपली ज्वारी' आणि 'त्यांची मिलो' असा भेद वनस्पतीच्या पातळीवर टिकत नाही. दोन्ही एकच पीक. माणसाने ज्वारी पहिल्यांदा लावली ती आजच्या सुदानच्या पूर्व भागात, सुमारे ५,००० वर्षांपूर्वी. भारतात ती साधारण ४,००० वर्षांपूर्वी पोचली. अमेरिकेत ती गेली गुलामांच्या व्यापाराबरोबर. तिकडे तिचं जुनं नाव 'गिनी कॉर्न' होतं. म्हणजे भाकरी आपली खरी, पण बी आफ्रिकेचं.

गोष्ट इथे संपत नाही. १९५० च्या दशकात टेक्सासमधल्या संशोधकांना असं आढळलं, की मिलोच्या पेशीद्रव्यात 'काफिर' या दुसऱ्या ज्वारीचे गुण उतरवले की त्या झाडाचे पराग वांझ होतात. मग संकरित बी मोठ्या प्रमाणावर करणं सोपं झालं. भारताचा पहिला ज्वारी हायब्रीड, सीएसएच-१, १९६४ मध्ये आला. त्याची मादी टेक्सासची. थोडक्यात, रेशनवर मिलो येण्याच्या आठ वर्षं आधीच ती आपल्या शेतात शिरली होती, आणि कुणाला पत्ताही नव्हता!

'हायब्रीड' हा शब्दही गावाकडे कौतुकाने घेतला जात नाही. उत्पन्न वाढलं, पण ताटं बुटकी, म्हणून कडबा कमी. बैलांनी खायचं काय? शिवाय ती लवकर तयार व्हायची, आणि परतीच्या पावसात दाणा काळा पडायचा. माझ्या मते ही तक्रार नुसती चवीची नव्हती. ज्वारीचं पीक म्हणजे माणूस आणि जनावर दोघांचं खाणं, हा हिशेब प्रयोगशाळेत पुरेसा धरला गेला नाही.

रब्बीत मात्र मालदांडी टिकली. मोहोळला निवडलेलं हे वाण, एम ३५-१, पाऊस संपल्यावर पेरतात आणि खोल काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर ते वाढतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी क्षेत्र घटतंच आहे: स्वस्त गहू-तांदूळ रेशनवर, आणि काढणीला मजूर मिळत नाही.

अमेरिकेत आता पांढरी ज्वारीही पिकते, आणि दुकानात ग्लूटेन-फ्रीच्या फळीवर 'सॉरगम फ्लावर' नावाने मिळते. भाकरी करणार असाल तर पीठ उकळत्या पाण्यात भिजवा. ज्वारीत ग्लूटेन नाही, चिकटपणा येतो तो गरम पाण्याने फुगलेल्या पिठूळ भागामुळे. पीठ जुनं असेल तर भाकरी थापताना कडेला चिरते, मग ती मंगळवेढ्याची असो नाहीतर कॅन्ससची.