तक्त्यांनी दिलेली साक्ष

इतिहासाचा मास्तर म्हणून केलेली एक चूक मला अजून टोचते. १८५७ च्या उठावावर निबंध लिहा म्हटले, तर एका मुलाने कागदाच्या लांब पट्टीवर गावे आणि तारखा रंगवून आणल्या. मी शेरा मारला, 'हा चित्रकलेचा तास नाही.' पुढे अ‍ॅटलांटा विद्यापीठाची हकिगत वाचनात आली आणि त्या शेऱ्याची लाज वाटली.

१९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे एक दालन होते. त्यासाठी समाजशास्त्राचे प्राध्यापक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आपल्या आजी-माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून साठेक तक्ते शाई आणि जलरंगांनी तयार केले. जॉर्जियात गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा एके काळी गुन्हा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

एका तक्त्यावर काळाकुट्ट डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर हिरवी पट्टी. काळा रंग गुलामांचा, हिरवा स्वतंत्र माणसांचा. १८६० ला काळा भाग ८९ टक्के. १८७० ला हिरवा रंग थेट तळाशी उतरतो. दुसरा तक्ता १८९० च्या जॉर्जियाचा. मोठ्या शहरांतले कृष्णवर्णीय ७८,१३९ आणि खेड्यांतले ७,३४,९५२! एवढी सरळ रेघ कागदावर मावायची कशी? तिचे चकलीसारखे लाल वेटोळे केले आहे.

पैशाची चणचण अशी, की ड्यू बॉइस बोटीच्या सर्वांत स्वस्त वर्गातून पॅरिसला गेले. प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. हे तक्ते आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. हे नाव आपल्यालाही परके नाही. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे मांडायच्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या.

हल्ली शाळांमधून 'इन्फोग्राफिक' करायला सांगतात. संगणकावरची तयार चित्रे चिकटवली, तर त्यातून काही शिकणे होत नाही. पण आकडा शोधायचा, तपासायचा, काय ठेवायचे नि काय गाळायचे ते ठरवायचे, म्हणजे विषय समजल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून मी मुलांना दोनच प्रश्न विचारतो : हा आकडा कुठून आणलास? आणि हाच आकार का निवडलास?

त्या पट्टीवाल्या मुलाला मात्र मी यातले काहीच विचारले नव्हते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)