आरे: दुधाच्या आधीची वस्ती

आरे म्हटले की मागच्या पिढीला दूध आठवते आणि आजच्या पिढीला मेट्रो. तिथे राहणारी माणसे फार थोड्यांना आठवतात. मुंबईच्या पोटात असलेल्या या ग्रामीण वस्तीचा इतिहास आपण नेहमी शहराच्या बाजूने वाचला आहे. तो एकदा तिथल्या पाड्यांच्या बाजूनेही वाचायला हवा.

आधी भूगोल पाहू. आरेच्या पश्चिमेला गोरेगाव आणि द्रुतगती महामार्ग आहे, पूर्वेला पवई आणि विहार तलाव. दक्षिणेला मरोळ-मरोशी आणि उत्तरेला चित्रनगरी व संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे 1,280 हेक्टर, म्हणजे तीन हजार एकरांहून अधिक. आरे, साई, गुंडगाव, मरोळ-मरोशी, पासपोली अशा जुन्या साष्टीतल्या गावांच्या जमिनी यात आल्या. जमीन चढउताराची, मधूनमधून टेकड्या, गवताळ माळ आणि ओहोळ. ओशिवरा नदी याच टेकड्यांत उगम पावते. विहार आणि पवई तलावांचे ओसंडणारे पाणी घेऊन निघणारी मिठी नदी आरेच्या कडेने माहीमच्या खाडीकडे जाते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने शहर बुडवले. त्यानंतर पाणी मुरवणाऱ्या या मोकळ्या जमिनीची किंमत पुष्कळांच्या लक्षात आली.

शहराने या परिसराकडून प्रत्येक काळात काहीतरी मागितले. पहिल्यांदा मागितले पाणी. शेजारच्या विहार तलावाचे पाणी 1860 मध्ये मुंबईला मिळू लागले.

मग मागितले दूध. मुंबईत पूर्वी गोठे भर वस्तीत होते. म्हशी, शेण, डास आणि भेसळीचे दूध असा तो प्रकार होता. 1945 मध्ये सरकारने मुंबईसाठी दूध योजना आखली आणि गुजरातेतल्या आणंदहून दूध आणायला सुरुवात केली. तिथल्या शेतकऱ्यांना भाव नीट मिळेना, म्हणून 1946 मध्ये त्यांनी आपला सहकारी संघ काढला. पुढे 'अमूल' झाली ती त्यातूनच. म्हणजे अमूलच्या जन्मकथेतही मुंबईची दुधाची गरज आहे. शहरातले गोठे बाहेर काढण्यासाठी 1949 मध्ये आरे वसाहत उभी राहिली. 4 मार्च 1951 रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. या कामामागचे मुख्य नाव दारा खुरोडी यांचे. 1963 मध्ये त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेत 32 तबेले बांधले गेले. त्यांत सुमारे 16,000 जनावरांची सोय होती. गोठेमालकांनी परवाना घ्यायचा, आपली जनावरे तिथे ठेवायची आणि दूध सरकारी यंत्रणेमार्फत शहरात जायचे, अशी ती व्यवस्था. उत्तर भारतातून आलेली हिंदू-मुसलमान माणसे या तबेल्यांत राबली. त्यांपैकी अनेकांच्या पुढच्या पिढ्या आज मुंबईकरच आहेत.

त्यानंतर मागितला पडदा. 1977 मध्ये आरेला लागून चित्रनगरी झाली. तिला पुढे दादासाहेब फाळके यांचे नाव मिळाले. याशिवाय वेगवेगळ्या सरकारी संस्थांना जमिनीचे तुकडे दिले गेले. शेवटी आली मेट्रो. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने कारशेडविरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, पण तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढच्या वर्षी सरकारने आरेतली सुमारे 800 एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर केली आणि कारशेड कांजूरमार्गला नेण्याची घोषणा केली. 2022 मध्ये सरकार बदलले आणि कारशेड पुन्हा आरेत आली.

पाणी, दूध, सिनेमा, मेट्रो. या चारही काळांत आदिवासी तिथेच होते. आरेत 27 पाडे असल्याचे सांगितले जाते. केल्टीपाडा, खांबाचा पाडा, जिवाचा पाडा, नवसाचा पाडा, चाफ्याचा पाडा ही त्यांतली काही नावे. वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी, दुबळा अशा जमातींची आठ-दहा हजार माणसे इथे राहतात असा अंदाज दिला जातो. पावसाळ्यात भात, एरवी भाजीपाला, फळे, रानभाज्या आणि बाजारात विक्री, यावर कित्येक घरे चालली. इथे बिबट्या फिरतो आणि त्याच्यासोबत राहण्याची रीत वारल्यांना ठाऊक आहे. वाघोबा हा त्यांचा देव आहे.

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला इथे एक गोष्ट जाणवते. 'तबेला' हा शब्द अरबी 'तवील', म्हणजे लांब, यावरून आला. जनावरे बांधायची लांब दोरी ती 'तवीला', आणि त्यावरून जनावरांची जागा. जमीन, मालक, हक्क, दाखला, कब्जा हे शब्दही अरबी-फारसीतून दफ्तरांच्या वाटेने मराठीत आले आणि घरचे झाले. 'पाडा' कुठल्याही दफ्तरातून आलेला नाही. आरेत अडचण नेमकी हीच आहे: राहणारे पाड्याचे आणि निर्णय दफ्तराचा.

दफ्तर म्हणते, ही जमीन दुग्धविकास विभागाची. 2006 चा वनहक्क कायदा 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमिनीवर असलेल्या आदिवासींचा हक्क मानतो. पण त्यासाठी जमीन 'वन' असावी लागते. आरेला वन म्हणून घोषित करा ही मागणीसुद्धा 2019 च्या त्या निकालात फेटाळली गेली. म्हणून 'आरे जंगल आहे की नाही' हा वाद शहरवासीयांसाठी हवेचा आणि झाडांचा असला, तरी पाड्यावरच्या माणसासाठी तो घराचा आहे. शिरगणतीतही आरे हे गाव म्हणून वेगळे दिसत नाही. ते महापालिकेच्या पी-दक्षिण विभागात मिसळून जाते.

मराठी मुसलमान वाचकाला यात काही ओळखीचे वाटेल. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून, इथलीच भाषा बोलूनही 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्याला चुकत नाही. ज्याला हा प्रश्न विचारला जातो, त्याने तरी तो दुसऱ्याला विचारण्याआधी थांबावे. वारल्यांना त्यांच्याच पाड्यावर पुरावा मागितला जातो, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणे हे आपलेही काम आहे.

शाळांत स्थानिक इतिहास शिकवताना आरेची गोष्ट 1949 पासून सुरू होते. गोरेगाव, मरोळ, जोगेश्वरीच्या शिक्षकांनी ती पाड्यांच्या नावांपासून सुरू करावी. वर्गात त्या पाड्यांवरची मुले बसलेली असतात. पाड्याचे नाव कसे पडले, आजीच्या लहानपणी भात कुठे लावला जायचा, वाघोबाचे ठाणे कुठे आहे, हे ती सांगू शकतात. ते लिहून घेतले, तर आरेच्या दफ्तरात नसलेली नोंद निदान एका वहीत तरी राहील.