नदीचा नाला कधी झाला?

मी पनवेलजवळच्या कामोठ्याहून बोलतेय. आज नदीबद्दल बोलायचंय, पण तुमच्या गावच्या नाही, आमच्या शहरातल्या.

आमच्या भागातून कासाडी नावाची नदी वाहते आणि पनवेलच्या खाडीला मिळते. गटाच्या बैठकीत मी एकदा विचारलं, हायवेच्या पुलाखालून काय वाहतं? "नाला," सगळ्या म्हणाल्या. एकीनं त्यात भर घातली, "केमिकलचा नाला." ह्या बाया मूळच्या साताऱ्याच्या, सांगलीच्या, बीडच्या. एसटी कृष्णेच्या पुलावर आली की नाणं सोडून हात जोडणाऱ्या. वाईला कृष्णाबाईच्या उत्सवात ओटी भरणाऱ्या. मग इथेच ही नदी दिसेनाशी का झाली? शहरात आल्यावर माणूस बदलतं, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. त्यासाठी जरा मागे जाऊया.

मुंबईच्या मिठी नदीपासून सुरुवात करते. नावच बघा, मिठी! मुंबईला प्यायच्या पाण्याचे हाल होते, म्हणून इंग्रजांनी मिठीच्या वरच्या अंगाला बांध घातला आणि १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला. नळाचं पाणी शहरात आलं. ते पुरेना, मग तुळशी तलाव झाला. तोही पुरेना, म्हणून १८९२ मध्ये थेट तानसा. पुढे वैतरणा, भातसा. तहान वाढत गेली तसा नळ लांबलांबच्या नद्यांना जाऊन भिडला. आणि जवळची मिठी? तिचं पाणी कुणाला प्यायचंच नव्हतं. तिच्यात तबेल्यांचं शेण, कारखान्यांचं तेल, वस्त्यांचं सांडपाणी गेलं. विमानतळासाठी तिला वळवली, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी भराव टाकून तिची खाडी आवळली. काठावर राहणारीही तिला नालाच म्हणू लागली.

मग २००५ सालची २६ जुलै आली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी घराघरात शिरली. माणसं गेली, संसार वाहून गेले. आणि दुसऱ्या दिवसापासून पेपरात जो तो लिहू लागला: मिठी नदी. कितीतरी मुंबईकरांना आपल्या शहरात नदी आहे हे त्या आठवड्यात कळलं. त्याच वर्षी सरकारनं तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण नेमलं. जिचं नाव विसरलं होतं, तिनं स्वतःच येऊन ते सांगितलं म्हणा ना.

मला यात एक क्रम दिसतो. आधी नदीची गरज संपते, मग तिचं नाव जातं, आणि मग तिच्यात काहीही टाकायची मुभा मिळते. घाण झाली म्हणून लोक दूर गेले असं आपण म्हणतो. पण पुष्कळदा लोक आधी दूर गेलेले असतात.

आता आमच्याकडे या. कामोठे हे आज इमारतींचं जंगल वाटतं, पण ही आगरी-कोळ्यांची जुनी वस्ती. इथली शेती खारातली. खाडीचं पाणी अडवायला मातीचे बांध, त्याला उघाडी. भरतीला उघाडी बंद, ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर. बांधाला खांड पडलं की गावानं टोपल्या घेऊन धावायचं, त्यात बायका आल्याच. खाऱ्या जमिनीत तगेल असा भात इथे पिकायचा. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं काढलेल्या भाताच्या जातींना तर पनवेल हेच नाव आहे. खाडीत जिताडा, बोईट, कोलंबी, चिंबोऱ्या, चिखलात निवट्या. म्हणजे पाण्याकडे रोज बघावंच लागायचं. ते कधी चढतं, कधी उतरतं, हे ज्या घरात माहीत नाही त्या घरात चूल पेटायची नाही.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ह्या गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून विकसित जमीन परत मिळण्याचा साडेबारा टक्क्यांचा हक्क आला. पण तो जमिनीचा. खाडीचा सातबारा नसतो. जिचं पोट जाळ्यावर, तिच्या हातात दाखवायला कागदच नव्हता.

वरच्या बाजूला तळोजा औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायनं, औषधं, मासळीप्रक्रिया, रंग, असे शेकडो कारखाने. त्यांचं सांडपाणी कासाडीत येत राहिलं. मासेमार वर्षानुवर्षं तक्रारी करत होते. पाण्याला वास येतो, मासे तरंगतात. प्रकरण पुढे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. पण जगानं लक्ष कधी दिलं? ऑगस्ट २०१७ मध्ये, तळोज्याच्या रस्त्यावर निळी कुत्री दिसली तेव्हा! खरोखर निळी, अंगभर. ते फोटो परदेशातल्या पेपरांत छापून आले. प्रदूषण नियंत्रण मंडळानं रंग वापरणारा एक कारखाना बंद करायला लावला. कोळणींनी इतकी वर्षं सांगितलं ते ऐकू आलं नाही, कुत्र्याचा रंग मात्र लगेच दिसला. मला त्या बातमीचं हसू आलं नव्हतं.

आमच्या नळाला पाणी येतं मोरबे, हेटवणे, पाताळगंगा अशा लांबच्या ठिकाणांहून. मोरबे खालापूर तालुक्यात, हेटवणे पेणकडे. माझ्या गटातल्या बाईला कासाडीची गरजच पडत नाही. तिथे घाट नाही, उतरायला पायरी नाही. निर्माल्य विसर्जन करायचं तरी कुठे? पुलाच्या जाळीवरून पिशवीसकट फेकलं जातं. गावाकडे जी नदीच्या पाण्याला पाय लावण्याआधी नमस्कार करते, तीच इथे प्लॅस्टिकची गाठ मारून फेकते. तिची श्रद्धा गेलेली नाही, पाण्यापर्यंत जायची वाट गेली आहे. हो, पिशवी सोडवून कलशात टाकता येते, हे मी बैठकीत सांगतेच. पण एक वसाहतभर सांडपाणी आणि एक पिशवी यांचा दोष एकाच मापानं मोजू नका.

आणि ह्यात तुमचाही संबंध आहे. शहर जवळची नदी सोडून देतं तेव्हा ते तुमच्या नदीवर येतं. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. मुंबईचे नळ त्यावर चालतात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरची वाट बघतात. धरणाचं पाणी डोळ्यांना दिसतं, हंड्यात येत नाही. म्हणून तुमच्याकडे योजनेचा कागद आला की ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा. आमच्या वाट्याचं पाणी किती? आणि हे पाणी वापरून जिथं सोडणार, ती नदी कोणती, तिचं नाव काय?

आमच्या बाजारात पूर्वी "खाडीची ताजी मासळी" म्हणून हाक द्यायची पद्धत होती. खाडीची म्हटलं की गिऱ्हाईक थांबायचं. आता टोपलीवर बाई वाकली की पहिला प्रश्न तोच असतो, खाडीची आहे का? आणि कोळीण घाईघाईनं सांगते, "नाय गं ताई, करंजाची हाय."