पुलांची निगा

अमळनेरची बोरी उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा पुलाचे पाय उघडे दिसतात. ते निरखण्याची वेळ तीच. पण तेव्हा पुलाकडे आपण पाहतो कुठे?

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल कोसळला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. शेजारीच नवा पूल होता, तरी जुन्यावरची वाहतूक चालूच होती. पुढे अवघ्या १६५ दिवसांत दुसरा पूल उभा राहिला; जून २०१७मध्ये तो खुलाही झाला. म्हणजे सामर्थ्य होते, उणीव निगेची होती.

कोनशिलेवर बांधकामाचे वर्ष कोरतात, डागडुजीचे नाही. पुलांचा इतिहास लिहायचा तर ही दुसरी नोंदही आम्ही मागितली पाहिजे.