लहान घराचा ऐसपैसपणा

घर लहान असलें तरी तें मोठें कसें भासवावें, हा प्रश्न अलीकडे मध्यमवर्गीय कुटुंबांत वारंवार चर्चिला जातो. भिंतींना फिका रंग द्यावा, आरसे लावावे, उंच कपाटें टाळावीं, असे उपाय सांगितले जातात. आणि ते अगदींच निरर्थक आहेत असें नाहीं. लंडनमध्यें सर जॉन सोन या वास्तुशिल्पज्ञानें आपल्या घरांतील न्याहरीच्या लहानशा दालनांत बहिर्गोल आरसे बसवून हाच चमत्कार साधला होता. परंतु आरशानें डोळा फसतो, कोंपर फसत नाहीं. तें भिंतीला लागावयाचें तें लागतेंच. लहान घर खरोखर ऐसपैस करण्याची विद्या आपल्याकडे होती कीं नाहीं, हें पाहावयाचें असेल तर कर्जत-खालापूरच्या जुन्या घरांकडे वळलें पाहिजे.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं, माथेरान व बोरघाट यांच्या छायेंत वसले आहेत. त्यांच्या जिल्ह्याचें रायगड हें नांव १९८१ पासूनचें. त्यापूर्वीं तो कुलाबा म्हणून ओळखला जाई. पावसाळ्यांत येथें पाण्याची झोड असते, आणि घराची ठेवण प्रथम त्या पावसानें ठरविली. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती व शेण यांचा लेप, वर गवताचें किंवा कौलांचें उतरतें छप्पर, असें ठाकर-कातकऱ्यांचें आणि गरीब कुणब्याचेंहि घर असे. मातीची भिंत धुपूं नये म्हणून छप्पर पुष्कळ खालीं ओढावें लागे, आणि त्यामुळें आंत काळोख राही. या अडचणीवरचा उतारा म्हणजे ओटी व पडवी. छपराखालची, परंतु भिंतीबाहेरची ही जागा ना धड घर ना धड अंगण; पण घराचा निम्मा संसार तिच्यावर चाले. टोपल्या विणणें, धान्य निवडणें, पाहुण्यांची ऊठबस, म्हाताऱ्यांची दुपारची झोंप, सारें तेथेंच. शिवाय अंगणांतलें लख्ख ऊन, ओटीवरचा निवळलेला उजेड आणि आंतला थंड काळोख अशा तीन पायऱ्या डोळा उतरत जाई. म्हणून आंतली एकुलती खोली कोंदट न वाटतां खोल वाटे.

दुसरी गोष्ट सामानाची. दूधदुभतें शिंक्यावर, कपडे दांडीवर, दिवा कोनाड्यांत, सरपण माळ्यावर. अंथरुणाची सकाळीं वळकटी होई, आणि जेवण उरकतांच पाट भिंतीशीं उभा राही. जमीन दिवसभर मोकळी. त्याच सारवलेल्या जमिनीवर सकाळीं घरकाम, दुपारीं पंगत, सायंकाळीं मुलांचे पाढे आणि रात्रीं निजणें. खोली एक, परंतु दिवसांतून ती चार खोल्यांचें काम करी. हें शहाणपण आपलेंच एकट्याचें नव्हे. जपानांत कामो नो चोमेई या भिक्षूनें १२१२ सालीं अवघ्या दहा फूट चौरस झोंपडींतील आपल्या सुखाचें वर्णन लिहून ठेविलें आहे. आणि तेथील पारंपरिक घरांतहि अंथरूण दिवसां गुंडाळून फडताळांत जातें.

मग हें बिघडलें कोठें? शब्दच इतिहास सांगतात. खुर्ची अरबी-फारशींतून आली, बाक पोर्तुगीजांकडून, टेबल इंग्रजांकडून. पाट, शिंकें, खुंटी हीं मात्र घरचीं. १८५६ सालीं मुंबईची आगगाडी खोपोलीपर्यंत आली व १८६३ सालीं ती बोरघाट चढली. शहर जवळ आलें, आणि शहरी राहणीची हौसहि. या नव्या जड वस्तूंनीं जागेला कायमचें काम नेमून दिलें. पलंगाखालची जमीन निजण्याची ती निजण्याचीच. दिवसा तेथें कोणी निजो वा न निजो. घर मापानें तेवढेंच राहिलें, परंतु आंतून आखडलें. हा प्रमाद मींहि केला आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हौसेनें मोठें शिसवी टेबल आणिलें. त्यावर वर्तमानपत्रांचा ढीग साचला, आणि मुलांच्या वह्या मी पूर्वीसारखा जमिनीवर बसूनच तपासत राहिलों.

गांव सोडून मुंबईस गेलेल्यांची कथा याहून बोधप्रद आहे. १९२० नंतरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यांत कुटुंबें नांदलीं, कारण खोलीबाहेरच्या सामाईक वाटेनें ओटीचें काम पत्करलें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत चार्ल्स कोरिया यांनीं बेलापूर येथें लहान घरांची वसाहत रचिली, तेव्हां त्यांनीं प्रत्येक घराला उघड्या आभाळाची जागा दिली आणि घरांचे पुंजके सामाईक अंगणाभोंवतीं बसविले. आपल्या खेड्यांना जें ठाऊक होतें, तें एका थोर वास्तुशिल्पज्ञानें पुन्हां मांडून दाखविलें.

हा विषय केवळ सजावटीचा असता तर एवढा प्रपंच केला नसता. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इरशाळवाडी या ठाकरांच्या वस्तीवर दरड कोसळली. वांचलेल्या कुटुंबांना प्रथम कंटेनरांच्या तात्पुरत्या घरांत आसरा मिळाला. पुढें त्यांच्यासाठीं सिडकोनें ४४ पक्कीं घरें बांधिलीं. जीव वांचविणारें छप्पर आधीं, बाकीचें मागाहून, हें कोण नाकारील? तरीहि ज्यांचा निम्मा संसार ओटीवर चालत असे, त्यांना पत्र्याच्या पेटींत काय उणें वाटलें असेल, याची कल्पना करून पाहावी. पेटीला दार असतें, ओटी नसते.

कर्जत-खोपोलीकडे आज नव्या इमारती उठत आहेत, आणि घर चौरस फुटांनीं विकलें जात आहे. तेथें बिऱ्हाड करणाऱ्या गृहस्थांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें: आरसा घेण्यापूर्वीं एक जड वस्तू घराबाहेर काढून पाहावी, सज्जा सामानानें न भरतां तेथें एक चटई टाकावी, आणि संध्याकाळीं घरांतल्या वडील माणसाला तेथें बसवून घर केवढें वाटतें तें विचारावें.