इंग्रजी रंगभूमीवरील पोर्तुगाल : सेबॅस्तियन आणि इनेस यांच्या कथांचे स्थित्यंतर

प्रस्तावना

युरोपीय नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात इंग्रजी रंगभूमीने परदेशांच्या इतिहासाचा मुक्तहस्ताने उपयोग केलेला आढळतो. इटली, स्पेन व फ्रान्स या देशांच्या बाबतीत या देवाणघेवाणीचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. पोर्तुगालकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. वस्तुतः सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगालच्या इतिहासातील दोन कथा इंग्रजी नाटककारांना पुन्हा पुन्हा आकर्षित करीत आल्या. पहिली, मोरोक्कोच्या रणभूमीवर नाहीसा झालेला तरुण राजा सेबॅस्तियन याची. आणि दुसरी, राज्याच्या हितासाठी ठार मारली गेलेली इनेस द कास्त्रो हिची. या दोन कथांचा इंग्रजी रंगभूमीवरील प्रवास तपासणे आणि त्या प्रवासात काय टिकले व काय गळून पडले याचा शोध घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

सेबॅस्तियन : रणभूमीपासून रंगभूमीपर्यंत

४ ऑगस्ट १५७८ रोजी मोरोक्कोतील अल्कासर किबीर येथे पोर्तुगीज सैन्याचा संपूर्ण पराभव झाला. मोरोक्कोच्या गादीसाठी चुलता अब्द अल-मलिक आणि पुतण्या मुहम्मद यांच्यात चाललेल्या संघर्षात अवघ्या चोवीस वर्षांच्या सेबॅस्तियनने पुतण्याची बाजू घेतली होती. या एका दिवशी हे तिघेही मरण पावले. सेबॅस्तियनला संतती नव्हती. त्याच्यामागून वृद्ध कार्डिनल हेन्री गादीवर आला. १५८० मध्ये तोही निवर्तल्यावर स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पोर्तुगालचे राज्य ताब्यात घेतले. पुढील साठ वर्षे पोर्तुगालला स्वतःचा स्वतंत्र राजा नव्हता.

इंग्लंडच्या दृष्टीने ही दूरची घटना नव्हती. स्पेनचे वाढलेले सामर्थ्य इंग्लंडला थेट धोक्याचे होते. पोर्तुगीज गादीवर हक्क सांगणारा दों अंतोनियो इंग्लंडच्या आश्रयास आला आणि १५८९ मध्ये ड्रेक व नॉरिस यांच्या नेतृत्वाखाली त्याच्यासाठी लिस्बनवर स्वारीही झाली. ती अयशस्वी ठरली. जॉर्ज पीलचे ‘द बॅटल ऑफ अल्कासर’ हे नाटक याच सुमारास लिहिले गेले व १५९४ मध्ये छापले गेले. पीलने नाटकाची सामग्री युद्धकथांच्या एका इंग्रजी संकलनातून घेतली. त्यामुळे आरंभीच पोर्तुगीज साधन आणि इंग्रजी प्रेक्षक यांच्यामध्ये भाषांतराचे थर आले. शिवाय सेबॅस्तियनच्या जोडीला त्याच लढाईत पडलेला इंग्रज साहसवीर टॉमस स्टकली यालाही पीलने मोठे स्थान दिले. पोर्तुगालची शोकांतिका इंग्रजी प्रेक्षकांना आपली वाटावी, अशी ही योजना होती.

राजा मेलाच नाही, तो परत येईल, अशी श्रद्धा पोर्तुगालमध्ये दीर्घकाळ टिकून राहिली. तिचा आधार घेऊन अनेक तोतये पुढे आले. त्यांपैकी १५९८ मध्ये व्हेनिस येथे प्रकटलेल्या तोतयाची कीर्ती इंग्लंडपर्यंत पोहोचली. नाट्यगृहाचा चालक फिलिप हेन्स्लो याच्या हिशेबवहीत १६०१ साली डेकर व चेटल यांना सेबॅस्तियनवरील एका नाटकासाठी पैसे दिल्याची नोंद आहे. हे नाटक आज उपलब्ध नाही. मराठी वाचकास सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे प्रकरण या संदर्भात सहज स्मरेल. पानिपतानंतरही, पराभवाचे दुःख पचविता न आलेल्या समाजाने मृत नायकाला पुन्हा जिवंत पाहिले.

मॅसिंजरचे नाटक आणि परवाना

या कथेचे राजकीय सामर्थ्य किती होते, हे १६३१ मधील एका प्रकरणावरून स्पष्ट होते. फिलिप मॅसिंजरने परत आलेल्या सेबॅस्तियनवर नाटक लिहिले. त्या वर्षीच्या जानेवारीत नाट्यपरीक्षक सर हेन्री हर्बर्ट याने त्यास परवानगी नाकारली. नाटकात स्पेनच्या फिलिपने सेबॅस्तियनला पदच्युत केल्याचे दाखविले होते, आणि इंग्लंड व स्पेन यांच्यात नुकताच तह झालेला होता. त्यामुळे त्यातील मजकूर धोकादायक आहे, असे त्याने कारण दिले.

मॅसिंजरने नाटक टाकून दिले नाही. त्याने कथानक प्राचीन काळात हलविले. सेबॅस्तियनचा अँटायोकस झाला, स्पेनच्या जागी रोम आले आणि व्हेनिसच्या जागी कार्थेज. ‘बिलीव्ह ॲज यू लिस्ट’ या नावाने सिद्ध झालेल्या या नाटकाला मे १६३१ मध्ये परवानगी मिळाली. मॅसिंजरच्या स्वतःच्या अक्षरातील त्याचे हस्तलिखित सुदैवाने टिकून असून ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. छापील स्वरूपात मात्र ते १८४९ पर्यंत आले नाही.

नव्या नाटकातही एक राज्यहीन राजा दारोदार हिंडतो. लोक त्याला ओळखतात. परंतु बलाढ्य साम्राज्याच्या भीतीने एकेक दरबार त्याची ओळख नाकारतो. सत्याचा स्वीकार करण्यासाठी पुरावा पुरेसा असतो की सत्तेची अनुमती लागते, हा मूळ प्रश्न त्यात अबाधित राहिला. येथे पोर्तुगालचे नाव गेले, परंतु पोर्तुगालच्या इतिहासाने उभा केलेला प्रश्न राहिला.

हीच कथा जॉन ड्रायडनने १६८९ मध्ये ‘डॉन सेबॅस्तियन’ या नाटकात पुन्हा हाताळली. तोपर्यंत १६४० च्या उठावाने पोर्तुगाल स्वतंत्र झाला होता आणि स्पेनची भीती ओसरली होती. आता राजा गमावण्याची वेळ इंग्लंडची होती. १६८८ च्या क्रांतीत दुसरा जेम्स देश सोडून गेला. त्याचा समर्थक व कॅथलिक पंथाचा स्वीकार केलेला ड्रायडन राजकवीच्या पदास मुकला होता. त्याच्या नाटकात सेबॅस्तियन लढाईतून वाचतो. मात्र जिच्याशी त्याचा विवाह होतो ती अल्मेदा त्याची सावत्र बहीण असल्याचे उघड होते आणि तो राज्याचा त्याग करून एकांतात जातो. ऐतिहासिक तपशिलापासून ड्रायडन फार दूर गेला. तथापि जिवंत असूनही राज्यावर नसलेला राजा, हे चित्र १६८९ च्या लंडनमध्ये निरर्थक असणे शक्य नव्हते.

इनेस : राजनीतीकडून मत्सराकडे

इनेसच्या कथेचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. युवराज पेद्रोची प्रेयसी इनेस द कास्त्रो हिला त्याचा पिता चौथा अफोन्सू याच्या संमतीने ७ जानेवारी १३५५ रोजी कोइंब्रा येथे ठार करण्यात आले. कॅस्टिलशी संबंधित असलेल्या तिच्या घराण्याचा प्रभाव पोर्तुगीज राज्यास घातक ठरेल, ही भीती त्यामागे होती. कामोंइशने ‘उझ लुझीयदश’ या १५७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात ही कथा वास्को द गामाच्या मुखी घातली आहे. मालिंदीच्या राजाला तो आपल्या देशाचा इतिहास सांगताना ती सांगतो.

त्याच कथेवर अंतोनियो फेरैरा (१५२८–१५६९) याने ‘कास्त्रो’ ही शोकांतिका रचली. ती त्याच्या मृत्यूनंतर १५८७ मध्ये छापली गेली. या नाटकात इनेस व पेद्रो एकदाही रंगमंचावर एकत्र येत नाहीत. नाटकाचा केंद्रबिंदू प्रेम नसून राजाचा निर्णय आहे. निरपराध स्त्रीला राज्यहितासाठी मारणे योग्य काय, यावर राजा आणि त्याचे मंत्री यांच्यात वाद होतो. इनेस आपल्या मुलांसह राजासमोर येते, तेव्हा राजा द्रवतो व तिला क्षमा करतो. ती गेल्यावर मंत्री पुन्हा आग्रह धरतात. राजा स्वतः आज्ञा देऊ इच्छीत नाही, परंतु त्यांना अडवीतही नाही. सत्तेच्या अपराधाचे याहून सूक्ष्म चित्रण त्या काळच्या युरोपीय नाटकात क्वचितच सापडेल.

इंग्रजी रंगभूमीला ही इनेस भेटली नाही. वास्तविक रिचर्ड फॅन्शॉने कामोंइशच्या महाकाव्याचे इंग्रजी भाषांतर १६५५ मध्येच प्रसिद्ध केले होते. असे असूनही कॅथरीन ट्रॉटरने १६९५ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या ‘ॲग्नेस द कास्त्रो’ या नाटकासाठी एका फ्रेंच कादंबरिकेचा आधार घेतला. ॲफ्रा बेनने तिचे इंग्रजी भाषांतर १६८८ मध्ये केले होते. ट्रॉटरच्या नाटकात युवराजाची पत्नी कॉन्स्टँशिया आणि ॲग्नेस यांची मैत्री हृद्य रीतीने रंगविली आहे. मात्र अनर्थ घडतो तो एल्व्हिरा या दुसऱ्या स्त्रीच्या मत्सरामुळे. इतिहासातील युवराज्ञी तर इनेसच्या हत्येपूर्वीच मरण पावली होती.

१७६३ मध्ये डेव्हिड मॅलेटचे ‘एल्व्हिरा’ ड्रुरी लेन नाट्यगृहात झाले. त्यात डेव्हिड गॅरिकने राजाची भूमिका केली. हे नाटक ला मोत याच्या १७२३ मधील फ्रेंच शोकांतिकेवर आधारलेले होते. त्या परंपरेत राजा क्षमा करतो आणि नायिकेस विष देते ती राणी. म्हणजे राजा निर्दोष सुटतो, मंत्रिमंडळ बाजूस राहते आणि राज्याने केलेला खून अंतःपुरातील द्वेषाची घटना होतो. येथे पोर्तुगीज राजघराणे राहिले, परंतु पोर्तुगीज नाटककाराने विचारलेला प्रश्न नाहीसा झाला.

फेरैराची शोकांतिका इंग्रजीत आली ती टॉमस मूर मस्ग्रेव्हच्या १८२५ मधील भाषांतराने, म्हणजे तिच्या प्रथम मुद्रणानंतर २३८ वर्षांनी. आणि तीही पुस्तकरूपाने. विसाव्या शतकात एडिंबरोच्या ट्रॅव्हर्स नाट्यगृहात १९८९ मध्ये सादर झालेल्या जो क्लिफर्ड यांच्या नाटकाने व त्यावर आधारित जेम्स मॅकमिलन यांच्या १९९६ मधील संगीतिकेने इनेसच्या हत्येला पुन्हा सत्ता आणि युद्ध यांच्या संदर्भात उभे केले.

समारोप

नाटक हे इतिहासाचे पुस्तक नव्हे. नाटककाराने तपशील बदलले हा त्याचा दोष मानता येत नाही. मॅसिंजरने तर सर्वच तपशील बदलले आणि तरीही तो इतिहासाच्या गाभ्याशी प्रामाणिक राहिला. उलट ट्रॉटर व मॅलेट यांनी कथेचा सांगाडा राखला आणि तिचा गाभा सोडला. यावरून असे दिसते की, परक्या इतिहासातील जो प्रश्न इंग्लंडचा स्वतःचा झाला होता, तो नावे पुसूनही जिवंत राहिला. आणि जो तसा झाला नाही, तो फ्रेंच मध्यस्थांच्या हाती सहज विरघळला. आपल्या शोकांतिकेचा अर्थ पोर्तुगीज नाटककाराने स्वतः काय लावला होता, हे ऐकण्याची निकड इंग्रजी रंगभूमीला दीर्घकाळ वाटली नाही.

कोकण आणि गोवे यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना या निष्कर्षाचे विशेष महत्त्व आहे. कामोंइशने आपल्या आयुष्यातील काही काळ गोव्यात घालविला. मुंबई बेट इंग्लंडकडे आले ते १६६१ मध्ये ठरलेल्या पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहामुळे. असे असूनही पोर्तुगालची आपली ओळख पुष्कळदा इंग्रजी पुस्तकांमधूनच होते. इंग्रजीतून आलेला पोर्तुगाल किती हातांतून आला आहे आणि त्या प्रवासात कोणाचा प्रश्न गळून पडला आहे, हे प्रत्येक वेळी तपासून घेणे आवश्यक ठरते. फेरैराचा राजा हात न उचलता खून होऊ देतो. ला मोत व मॅलेट यांच्या नाटकांत तो क्षमाशील ठरतो. या दोन राजांमधील अंतर ओळखता येणे, हीच इतिहासाच्या अभ्यासकाची कसोटी होय.